मूठभर कूट

सोलापूरच्या बाईला शेंगदाण्यावाचून स्वयंपाक येत नाही, हे काही कुणी वेगळं सांगायला नको. वांग्यात कूट, आमटीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. घरात काहीच नसलं तर कूट, तिखट, मीठ आणि वर तेलाची धार, झालं जेवण. सुलभा अशाच घरातली. लग्न होऊन ती अमेरिकेत निघाली तेव्हा आईनं तिच्या बॅगेत दोन किलो भाजके दाणे कोंबले होते. विमानतळावर घ्यायला आलेला नवरा, एकनाथ, पोट धरून हसला. "अगं, इथे दाणे पोत्यानं मिळतात," तो म्हणाला. मिळत होतेही. त्यानंतर अठरा वर्षं गेली, पण कुटाचा डबा तिच्या ओट्यावरून एक दिवस हलला नव्हता.

आता अशी ही बाई न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात मेक्सिकन हॉटेल चालवायला कशी लागली, तर नशीब, दुसरं काय! एकनाथ केमिकल कंपनीत इंजिनियर होता. त्र्याऐंशी साली कंपनीनं प्लांटच बंद केला आणि शेचाळीस वर्षांच्या माणसाला दारात कुणी उभं करेना. देशी हॉटेल काढावं तर आसपास देशी माणसं ती किती, आणि त्यातले डॉक्टर-इंजिनियर बायकोच्या हातचं सोडून बाहेर जेवायचे नाहीत. अशात एक इटालियन म्हातारा हायवेवरचं आपलं 'कासा रोसा' विकायला निघाला. टेबलं-खुर्च्या, भिंतीवरच्या मोठाल्या टोप्या, भट्टी आणि आचारीण, सगळं जिथल्या तिथं. एकनाथ घरी येऊन म्हणाला, "लोक नाहीतरी आपल्याला मेक्सिकनच समजतात. रंग तोच, मिरची तीच. कुणाला कळतंय?"

आणि खरंच कुणाला कळलं नाही. गोऱ्या म्हाताऱ्या जाताना सुलभाला "ग्रासियास" म्हणायच्या आणि ही खुशाल "वेलकम" म्हणायची. एकनाथ गल्ल्यावर बसे. संध्या, त्यांची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची, शनिवार-रविवार टेबलं सांभाळी. युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली पोरंही यायची. राजमा आणि भात बघून त्यांना गहिवरून यायचं, "काकू, थोडं तिखट द्या ना यार," म्हणत ती थेट स्वयंपाकघरात डोकवायची.

स्वयंपाकघर मात्र ऑफेलियाचं. पन्नाशीची, बुटकी, मेक्सिकोतल्या पुएब्लाकडच्या कुठल्याशा खेड्यातली. तिथून ती न्यू जर्सीत कशी पोचली हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि तिला कागदपत्रं विचारायची नाहीत हे इटालियन म्हाताऱ्यानं किल्ल्या देतानाच एकनाथच्या कानात सांगून ठेवलं होतं. दोघी बायकांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमायचं. ऑफेलियाची मक्याची तोर्तिया बघून सुलभा म्हणाली, ही तर आमची भाकरी, फक्त उपाशी राहिलेली. मग तिनं स्वतः एक भाकरी थापून दाखवली. ऑफेलियानं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "सेन्योरा, धिस इज अ मॅट्रेस." दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हिचा तवा आणि तिचं कोमाल, वस्तू एकच. संध्या तर ऑफेलियाच्या गळ्यात पडायची, आणि ती तिला 'मिहा', माझी पोर, म्हणायची. शाळेतली जी गोष्ट आईला सांगायची नाही, ती ऑफेलियाला सांगायची.

पण स्वयंपाकघर एक आणि बायका दोन म्हटल्यावर कुठंतरी ठिणगी पडणारच. ती पडली लाल सॉसवरून. वाळक्या मिरच्या भाजायच्या, भिजवायच्या, लसूण-जिऱ्याबरोबर वाटायच्या आणि रटरटू द्यायच्या. हे वाटण सुलभाला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं आणि पहिल्या दिवसापासून त्यात काहीतरी कमी वाटलं. काय कमी ते तिच्या हाताला ठाऊक होतं. मंगळवारी ऑफेलियाची सुट्टी असे. त्या दिवशी सॉस सुलभा करायची. एका मंगळवारी तिनं घरून कॉफीच्या रिकाम्या डब्यात बारीक कूट आणलं आणि मूठभर टाकलं. सॉस दाटला, मिरचीचा कडवटपणा बसला, वर तेलाचा तवंग आला. त्या दुपारी एका माणसानं ताट पुसून खाल्लं आणि एकनाथला विचारलं, आज आचारी बदललात का?

"काय केलंस गं?" एकनाथनं विचारलं.

"काही नाही. हातगुण," सुलभा म्हणाली.

आपल्याकडे बायका असंच म्हणतात. विचारणाऱ्याला कृती सगळी सांगायची आणि एक जिन्नस गिळायचा. सुलभाच्या आईनं सख्ख्या जावेलाही काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं नव्हतं. त्यात काही पाप आहे असं कुणी मानत नाही.

पुढं पुढं लोक मंगळवारच्या सॉसची आठवण काढायला लागले. एकनाथ कौतुकानं म्हणायचा, "मंगळवारचा सॉस रोज ठेव ना." ऑफेलियाच्या कानावर ते जायचं आणि ती ओठ घट्ट मिटून पीठ मळायची. सुलभाला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. अठरा वर्षं या देशात कुणी तिला कशातही हुशार म्हटलं नव्हतं. मग ती रोजच करायला लागली. कामाची वाटणी अशी होती की सॉस, राजमा आणि तोर्तिया ऑफेलियाच्या, आणि मोठ्या पातेल्यातला सॉस लहान पातेल्यात काढून ताटं भरणं आणि ओव्हन सुलभाचा. सकाळी अकराला ऑफेलिया पाठमोरी होऊन पीठ मळायला लागली की ही फळीवरचा कॉफीचा डबा काढायची, एक मूठ आपल्या पातेल्यात सोडायची आणि ढवळायची. एकदा ऑफेलियानं पातेल्यात डोकावून विचारलं, "टू थिक, नो?" सुलभा म्हणाली, "आटलाय. फ्लेम बिग." दहा महिने असे गेले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातला शनिवार. युनिव्हर्सिटीत फुटबॉलची मॅच होती, दुपारी साडेबारालाच हॉटेल गच्च भरलं. संध्या वही हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ऑफेलिया, चार नंबरवरची एक मुलगी विचारतेय, रेड सॉसमध्ये पीनट्स आहेत का? शी कान्ट हॅव देम. ॲट ऑल."

ऑफेलियाचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "इन माय सॉस?" ती म्हणाली. "नो, मिहा. नेव्हर. चिली, गार्लिक, जिरं, फिनिश." जिरं हा शब्द ती सुलभाकडून शिकली होती.

सुलभा चार पावलांवर उभी होती. ओव्हनपाशी, हातात पळी. तिनं प्रश्न ऐकला, उत्तरही ऐकलं.

त्या क्षणी तिच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिच्या मनात आलं, चालत नाहीत म्हणजे काय होत असेल? माहेरच्या गल्लीतल्या दीक्षितांच्या बाळला वांगं खाल्लं की ओठाला खाज सुटायची, तसं काही असेल. तिनं विंचवानं माणूस गेलेला बघितला होता, कॉलऱ्यानं गेलेला बघितला होता. पण शेंगदाण्यानं? शेंगदाणा उपासाला चालतो, बाळंतिणीला चालतो, तालमीतल्या पोरांना मुठी मुठी चारतात. या देशातल्या पोरींचे नखरेच फार, कुणाला दूध नको, कुणाला मीठ नको. आणि दुसरं मनात आलं ते हे, की आता तोंड उघडलं तर ऑफेलिया वळून बघणार. लेकीच्या देखत दहा महिन्यांच्या हातगुणाचं भांडं फुटणार. मूठभर कुटानं कुणाचं काय होतंय!

एवढं सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात मनात आलं. तिनं ताटलीत सारण भरून गुंडाळलेल्या दोन एंचिलादा ठेवल्या, वर पळीभर सॉस ओतला आणि ताटली संध्याच्या हातात दिली.

त्या मुलीचं नाव वेंडी. ते नंतर कळलं. पिवळा स्वेटर, केसांना रिबन, मैत्रिणींबरोबर मॅचला निघालेली. "थँक यू सो मच फॉर चेकिंग," ती संध्याला म्हणाली. तिसऱ्या घासाला तिनं काटा खाली ठेवला. मैत्रिणींना वाटलं तिखट लागलं, त्यांनी पाणी पुढं केलं. संध्यानंही धावत पाणी आणलं. मुलीनं दोन्ही हात गळ्याशी नेले. ओठ सुजले, डोळे सुजले, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिच्या जीव वाचवायच्या इंजेक्शनची सुई होस्टेलच्या खोलीत राहिली होती. कुणीतरी टेबल सरकवलं, एकनाथ फोनवर पत्ता ओरडून सांगत होता, सुलभा पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा ती पोर फरशीवर होती आणि संध्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ॲम्ब्युलन्स आली, घेऊन गेली. चारच्या सुमाराला हॉस्पिटलमधून फोन आला. घरात इंग्रजी सगळ्यांत चांगलं संध्याचं, म्हणून तो तिनंच घेतला.

फोन ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली. ती मुलगी वाचली नव्हती. "बट आय आस्क्ड," ती म्हणाली. "आई, मी विचारलं होतं. आय आस्क्ड!" तिनं ते किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. सुलभा शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "हो गं बाई, विचारलं होतंस तू," एवढंच बोलत राहिली. तोंडाला कुलूप पडतं म्हणतात ते खोटं नाही. किल्लीही आपल्याच हातात असते आणि हात वर होत नाही.

सोमवारी काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस आला. हॅलोरन नाव. शांत, सभ्य, टाय नीट बांधलेला. शनिवारपासून तशीच पडलेली सॉसची दोन्ही पातेली त्यानं सील करून नेली, आपलं कार्ड दिलं आणि हॉटेल बंद ठेवायला सांगितलं. गुरुवारी त्याचा फोन आला. मोठं पातेलं साफ होतं. लहान पातेल्यात शेंगदाणा सापडला.

एकनाथ रागारागानं स्वयंपाकघरात आला. ऑफेलिया नुसतीच बसून होती, कामावर येऊ नको असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "तुझ्या गावाकडच्या लग्नाच्या सॉसमध्ये दाणे घालतात, तूच सांगितलं होतंस," तो म्हणाला. "तेच घातलंस ना? लोकांना मंगळवारचा सॉस आवडतो म्हणून?" ऑफेलिया उभी राहिली, तिनं छातीवर क्रॉस केला, आपल्या देवीची शपथ घेतली. तेवढ्यात संध्या बापाला मागं सारून पुढं झाली.

"यू लाइड टु मी!" ती किंचाळली. "मी तुला विचारलं. यू सेड नेव्हर! मी तिला जाऊन सांगितलं, आय टोल्ड हर इट वॉज सेफ!"

ऑफेलिया तिच्याकडे नुसती बघत राहिली. सुलभा ओव्हनपाशीच उभी होती, शनिवारी होती तिथंच.

त्या दुपारी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. एकनाथनं चावी लावली होती, ती तशीच सोडली.

"किती?" त्यानं विचारलं.

"मूठभर."

"रोज?"

"रोज."

"ऑफेलियाला माहीत आहे?"

"नाही. संध्यालाही नाही. अहो, मला काय ठाऊक दाण्यानं माणूस मरतं! मला खरंच..."

"रडू नकोस. ऐक." एकनाथ वाईट माणूस नव्हता, हे सुलभा आजही कुणालाही सांगेल. पण पाचावर धारण बसली की माणूस फक्त आपलं घर बघतो. जानेवारीत त्यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. संध्याचे कॉलेजचे अर्ज जायचे होते. "ऑफेलियाला कागद नाहीत," तो म्हणाला. "ती आज ना उद्या जाणारच होती. तू एक शब्द बोलायचा नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिनं मान हलवली. त्यालाही तिनं सगळं सांगितलं नव्हतंच. कूट घातलं ते सांगितलं. प्रश्न ऐकला होता, ते सांगितलं नाही.

एकनाथनं ऑफेलियाला सांगितलं की उद्या तो माणूस तुला भेटायला येणार आहे आणि बरोबर इमिग्रेशनवाले असतील. इमिग्रेशनवाले कुणी येणार नव्हते. पण ऑफेलियाला एवढं पुरलं. ती सामान आवरायला आत आली. सामान ते काय, सुरी, दोन ॲप्रन आणि तिचं जुनं कोमाल. ते तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलं. सुलभा भांडी पुसायचं नाटक करत होती. जाता जाता ऑफेलियानं फळीवरचा कॉफीचा डबा खाली काढला. झाकण उघडून वास घेतला. चिमूटभर कूट बोटांत चोळलं, जिभेला लावलं.

"काकावाते," ती म्हणाली. शेंगदाणा. "ट्यूसडे?"

"ऑल डे," सुलभा म्हणाली. "ऑल डेज."

आता ही ओरडेल, डबा फेकून मारेल, बाहेर जाऊन सांगेल. सुलभा वाट बघत राहिली. त्यातलं काहीच झालं नाही. ऑफेलियानं झाकण नीट लावलं आणि डबा जागेवर ठेवला. तिला ठाऊक होतं, तिचं कोण ऐकणार!

"पोलीस, नो टेल," ती म्हणाली. "ओके. बट द गर्ल. टेल हर आय नो लाय. ओन्ली धिस, सेन्योरा. टेल द गर्ल."

"सांगते," सुलभा म्हणाली. मराठीतच म्हणाली, आणि दोन बोटांनी गळ्याची कातडी धरून शपथ घेतली. लहानपणापासून तिला शपथ घ्यायची एवढीच रीत ठाऊक होती. ऑफेलियाला ती खूण कळली असावी. तिनं मान हलवली आणि मागच्या दारानं गेली. ती कुठं गेली ते त्या घरातल्या कुणालाच कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॅलोरन आला. आचारीण पळाली म्हटल्यावर त्याला फारसं विचारावं लागलं नाही. संध्यानं जबाब दिला. मी आचारणीला विचारलं, ती नाही म्हणाली, मी तसं गिऱ्हाइकाला सांगितलं. शब्द न् शब्द खरा होता. खाली तिनं सही केली, आणि फाइल बंद झाली. हॉटेल पुन्हा उघडलं पण कुणी फिरकेना. नाताळाच्या आधी 'कासा रोसा'ची पाटी उतरली. एकनाथ एका हार्डवेअरच्या दुकानात नोकरीला लागला.

आज सांगू, उद्या सांगू असं करत सुलभा दिवस ढकलत होती. संध्या भूक नसल्यासारखी जेवायची, खोलीचं दार लावून बसायची. एकदा ती म्हणाली, "मला कळत नाही, ऑफेलिया माझ्याशी कशाला खोटं बोलली? आय लव्ह्ड हर." तेव्हा सुलभाच्या ओठांवर आलं होतं. पण ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पोर सावरली की सांगू, इंटरव्ह्यू झाला की सांगू, कॉलेजचं पत्र आलं की सांगू. कारणं काय, मागितली तितकी मिळतात.

एक मात्र तिनं केलं होतं. हॉटेलातला डबा तिनं मागच्या कचऱ्यात टाकला आणि घरी येऊन ओट्यावरचा डबा, कपाटातली दाण्यांची पिशवी, सगळं काढून टाकलं. हातच जाईना त्याच्याकडे. भाज्या पाणचट व्हायला लागल्या. एकनाथला कळत होतं, तो मुकाट्यानं जेवायचा.

जानेवारीच्या संकष्टीला तिनं साबुदाण्याची खिचडी केली. संध्याला खिचडी लहानपणापासून जीव की प्राण. आज तरी पोर चार घास खाईल, एवढाच त्यात हेतू होता. एकनाथ कामावर गेला होता. दुपारची वेळ, बर्फामुळे शाळेला सुट्टी, दोघीच टेबलाशी. संध्यानं चमचा घातला तर सगळी खिचडी एकगठ्ठा वर आली.

"आई, धिस इज अ ब्रिक," ती म्हणाली. "कूट विसरलीस तू!"

"संपलंय."

"संपलंय? तुझ्याकडचं कूट?" संध्या हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि ते हसू बघून सुलभाला इतका आनंद झाला की पुढं काय येतंय ते तिला दिसलंच नाही. "इम्पॉसिबल. थांब, मी बघते." ती उठली. तिनं ओट्यावर बघितलं, मग कपाट उघडलं, मग दुसरं कपाट. डबा नव्हता. पिशवी नव्हती. "आई, दाणेसुद्धा नाहीत? व्हेअर्स द डबा?"

सुलभानं चमचा खाली ठेवला. संध्या कपाटाच्या दाराला धरून उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"कधीपासून नाहीये?" तिनं विचारलं. आणि मग उत्तराची वाट न बघता, "द ट्यूसडे सॉस. तुझा हातगुण."

"संध्या, बस इथं. मी सांगणार होते, तुझी शपथ..."

"ऑफेलियाला माहीत नव्हतं."

"नाही."

"बाबांना?"

"नंतर सांगितलं."

संध्या परत येऊन खुर्चीत बसली. तिनं खिचडीची ताटली बाजूला सारली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, एकेक शब्द नीट जुळवून, मराठीत, म्हणजे आईला कळलं नाही असं व्हायला नको.

"मी दारात येऊन विचारलं, तेव्हा तू कुठे होतीस?"

मागं अंगणात कचरा टाकायला गेले होते, हे वाक्य सुलभाच्या जिभेवर तयार होतं. तीन महिने तिनं ते घोटून ठेवलं होतं. खोटं ठरवायला कुणी उरलं नव्हतं, ऑफेलिया गेली होती. तेवढं एक वाक्य बोलली असती तर तिचा नुसता अडाणीपणा ठरला असता, आणि अडाणीपणा लेक कधी ना कधी माफ करते. पण समोर बसलेल्या पोरीनं त्या मुलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिच्याकडे बघून ते वाक्य बाहेर येईना.

"तिथंच," सुलभा म्हणाली. "ओव्हनपाशी."

"तुला ऐकू आलं?"

"आलं."

संध्या रडली नाही. ती उठली, फ्रिजवर चुंबकानं लावलेलं हॅलोरनचं कार्ड काढलं, भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि रिसीव्हर आईपुढं धरला. "मी एकदा तुमच्यासाठी सांगितलंय," ती म्हणाली. "आय साइन्ड इट. आता तू सांग. मी तुझ्यासाठी नाही सांगणार." रिसीव्हरमधून आवाज यायला लागला. हॅलो? हॅलो? सुलभा उठली. तिला फक्त नाव सांगायचं होतं, पुढचं त्यानं विचारून घेतलं असतं. तिचा हात वर आला, कमरेपर्यंत आला. मग तिच्या डोळ्यांपुढं कोर्ट आलं, एकनाथ आला, सोलापुरात लेकीचं पत्र वाचून दाखवायला शेजारणीकडे जाणारी म्हातारी आई आली. तिनं हात लांब केला आणि फोनच्या हुकावर बोट दाबलं.

फोन कट झाला. संध्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, कार्ड परत फ्रिजला लावलं आणि आपल्या खोलीत गेली. त्या दुपारनंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. कुणालाही सांगितलं नाही, बापालाही बोलली नाही. त्याच वर्षी ती कॅलिफोर्नियाला शिकायला गेली, जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

सिटिझनशिप मिळाली. एकनाथला पुन्हा इंजिनियरची नोकरी लागली. नवं घर झालं. महाराष्ट्र मंडळातली माणसं सुलभाला सुगरण म्हणतात, हळदीकुंकवाला तिच्याकडे गर्दी असते. संध्या वर्षातून एकदा येते, दिवाळीच्या नाहीतर नाताळाच्या सुट्टीत. आली की नीट वागते, आईला घरकामात मदत करते, पाहुण्यांशी बोलते.

यंदाच्या दिवाळीला मंडळातली नीलाकाकू आणि तिचा नवरा जेवायला होते. सुलभानं भरली वांगी केली होती. तिनं संध्याच्या ताटात वाढली आणि संध्यानं मान वर करून विचारलं,

"एनी पीनट्स इन धिस?"

"ऐकलंस का सुलभा?" नीलाकाकू हसायला लागली. "सोलापूरच्या पोरीला दाण्याची ॲलर्जी! हे कधीपासून गं?"

संध्या आईकडे बघत थांबली. प्रत्येक वेळी ती असंच विचारते, प्रत्येक ताटावर, चार माणसांच्या देखत, त्याच आवाजात. एकनाथ पानावर मान खाली घालतो. सुलभा पळी हातात घेऊन उभी असते.

"नाही," सुलभा म्हणाली. "दाणे नाहीत त्यात."

"यू आर शुअर?"

"हो."

आणि खरंच नव्हते. तो डबा टाकल्यापासून तिच्या घरात एक दाणा आलेला नाही. संध्यानं मान हलवली.

"थँक यू सो मच फॉर चेकिंग," ती म्हणाली, आणि ताट पुढं सारून उठली.